व्हर्मीरची खिडकी आणि आपला कॅमेरा

मागच्या व्याख्यानानंतर तुमच्यातली काही तरुण मंडळी थांबली होती. व्हर्मीर या डच चित्रकाराच्या शैलीत त्यांना एक फोटोशूट करायचं आहे आणि त्यासाठीची यादीही तयार होती. पांढरी टोपी, पिवळं जाकीट, मोत्याचं कानातलं, पितळी भांडी. सगळं भाड्यानं मिळतं म्हणे. आम्हाला विचारलं ते एवढंच, की आणखी काय लागेल? आज आपण त्या यादीपासूनच सुरुवात करू. कारण शैली म्हणजे सामान, अशी एक जुनी समजूत तिच्यात बसलेली आहे.

योहानेस व्हर्मीर, १६३२ ते १६७५. राहणार डेल्फ्ट. आज त्याची म्हणून मानली जाणारी चित्रं पस्तीसच्या आसपास. ते पिवळं, पांढऱ्या फरची किनार असलेलं जाकीट त्यातल्या बऱ्याच चित्रांत येतं, निरनिराळ्या बायकांच्या अंगावर. त्याच्या मृत्यूनंतर घरातल्या वस्तूंची नोंद झाली, तिच्यात तसंच एक जाकीट आहे. म्हणजे बघा, घरातलीच वस्तू त्यानं पुन्हा पुन्हा उजेडात धरली. आपण तीच वस्तू दुकानातून आणली तर जाकीट मिळेल, पण ते पाहण्याची सवय कुठून आणणार?

तर आधी उजेड. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं दूध ओतणाऱ्या मोलकरणीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. चित्र जेमतेम दीड फूट उंच. डावीकडे खिडकी, तिची एक काच फुटलेली. मागे पांढरी भिंत. भिंतीत खिळा, खिळ्याची सावली, जुन्या खिळ्यांची भोकं. उजेड एकाच बाजूनं येतो, पण दुसरी बाजू काळी पडत नाही. कॅराव्हाज्जोकडे अंधार असतो, इथे सावलीतही रंग दिसतो. आपल्या फ्लॅटमध्ये हे अगदी जमतं. थेट ऊन येत नाही अशी खिडकी निवडा. येत असेल तर तिच्यावर जुनं पांढरं धोतर किंवा पातळ चादर ताणा. माणसाच्या उजव्या बाजूला, चौकटीबाहेर, थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा करा, म्हणजे सावली मऊ होते. खोलीतले दिवे बंद. ट्यूबलाइट आणि दिवसाचा उजेड एकत्र आले की कातडीचा रंग बिघडतो, मग संगणकावर कितीही खटपट करा. फ्लॅश तर नकोच. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवा.

कॅमेरा किती उंचीवर? या चित्रात बाईच्या उजव्या हाताच्या जरा वर एक बारीक टोचलेली खूण सापडली आहे. तिथे टाचणी लावून, दोरा ताणून त्यानं चित्रातल्या रेषा आखल्या असाव्यात, असं अभ्यासक मानतात. म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा तिच्या हाताच्या पातळीला आला. आपण तिच्याकडे किंचित खालून पाहतो, आणि एक मोलकरीण एखाद्या मूर्तीसारखी भक्कम उभी राहते. तुम्ही उभं राहून, वरून फोटो काढलात, तर सगळं सामान बरोबर असूनही ही गोष्ट हातची जाईल.

आणि तिला ‘पोज दे’ म्हणू नका. खरंच काम करू द्या. तांदूळ निवडणं, ताक ओतणं, चहा गाळणं, पत्र वाचणं. मान आपोआप खाली जाते, चेहरा कामात बुडतो. ओतण्याची धार हवी असेल तर शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाइतकं सावकाश ठेवा, धार रेशमासारखी येते. ताक मात्र भरपूर लागेल, पहिल्या फोटोत काही साधत नाही.

आता थोडं आमच्या गल्लीत येऊ. नाट्यशास्त्रावर लिहिणाऱ्या शंकुकाचं मत अभिनवगुप्तानं नोंदवून ठेवलं आहे, अर्थात खंडन करण्यासाठी! शंकुक चित्रातल्या घोड्याचा दृष्टान्त देतो. चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो. हे खरं ज्ञान नव्हे, कारण घोडा तिथे नाही. भ्रम नव्हे, कारण आपण त्यावर बसायला जात नाही. संशयही नाही आणि ‘घोड्यासारखं काही’ असं नुसतं साम्यही नाही. ही एक निराळीच प्रतीती आहे. अभिनवगुप्ताचे आक्षेप वजनदार आहेत, पण आपल्या कामाला हा घोडा पुरतो. तुमचा फोटो पाहून कुणी ‘हा व्हर्मीरच’ म्हणावं असं नाही आणि ‘व्हर्मीरची नक्कल’ म्हणावं असंही नाही. या दोहोंच्या पलीकडे काही घडायला हवं.

ते घडलेलं एक उदाहरण आहे. टॉम हंटर हा छायाचित्रकार पूर्व लंडनच्या हॅकनी भागात, रिकाम्या घरांत बिनपरवाना राहणाऱ्या लोकांमध्ये राहत होता. घरं खाली करण्याच्या नोटिसा आल्या. १९९७ साली त्यानं एका शेजारणीचा फोटो काढला. ती खिडकीशी उभी राहून कागद वाचते आहे, समोर तान्हं मूल आहे. रचना आणि उजेड व्हर्मीरच्या, खिडकीशी पत्र वाचणाऱ्या मुलीच्या चित्राचे. कागद मात्र घराचा ताबा मागणारा. टोपी नाही, जाकीट नाही. तरीही पाहणारा थबकतो, कारण तीन शतकं ज्या नजरेनं आपण एका डच घरातल्या मुलीकडे पाहिलं, तीच नजर आता बेघर होऊ घातलेल्या बाईला मिळाली.

जाता जाता एक गंमत. ड्रेस्डेनच्या त्या मूळ चित्रात मुलीच्या मागे मोकळी भिंत होती, आणि जाणकार तिला व्हर्मीरचा संयम म्हणत. तिच्याखाली मदनाचं मोठं चित्र आहे हे १९७९ सालीच क्ष-किरणांनी दिसलं होतं. पुढे कळलं, की तो व्हर्मीरनं झाकलाच नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच कुणीतरी रंग फासला होता. तो खरवडून २०२१ साली चित्र पुन्हा लोकांसमोर आलं. म्हणजे हंटरच्या फोटोमागची मोकळी भिंत एका अनामिक रंगाऱ्याची! फोटो त्यानं उणा होत नाही.

राहिला प्रश्न माणसाचा. या मंडळींना आपल्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा फोटो काढायचा आहे. छान. पण आधी विचारा, आणि ‘नाही’ म्हणता येईल अशा रीतीनं विचारा. ज्या घरातून पगार मिळतो तिथे नकार देणं सोपं नसतं. त्यांचा अर्धा दिवस जाईल, त्याचे पैसे द्या. पहिली छापील प्रत त्यांना. फोटो इंटरनेटवर टाकू नका म्हणाल्या, तर टाकू नका.

आणि असं होईल बघा, तुम्हाला त्यांची रोजची विटकी साडी हवी असेल, आणि त्या येतील ठेवणीतली जरीची नेसून, गजरा माळून. तुमची ‘थीम’ बिघडली असं वाटेल. आमच्या मते त्यांना परत पाठवू नये. विटकी साडी आपल्याला हवी असते ती गरिबीचं चित्र म्हणून, आणि व्हर्मीरनं त्या दूध ओतणाऱ्या बाईला गरीब म्हणून रंगवलेलं नाही. दिवे बंद करा, थर्माकोल धरा, हातात ताकाचं भांडं द्या. जरीवर खिडकीतला उजेड कसा पडतो तेही बघायला मिळेल.

बरं, आता प्रश्न घेऊ.