समोरची बिल्डिंग दीड किलोमीटरवर कशी जाते?

गॅलरीतून समोरच्या सोसायटीतला मित्र दिसतो, पण त्याच्याकडे जायचं म्हटलं की मॅप दीड किलोमीटर दाखवतो. बाणेर, वाकड, उंड्रीकडे राहत असाल तर हे तुम्हाला नवीन नाही. यात मॅपची चूक नाही. रस्त्यांचं जाळंच तसं विणलं गेलंय.

कॉम्प्युटरसाठी शहर म्हणजे एक ग्राफ. चौक म्हणजे नोड, दोन चौकांमधला रस्ता म्हणजे एज. समजा १० बाय १० असे १०० चौक आहेत. बुद्धिबळाच्या पटासारखे रस्ते आखले तर १८० एज लागतात. मग एका कोपऱ्यातून तिरक्या समोरच्या कोपऱ्यात जायला सगळ्यात जवळचे, सारख्याच लांबीचे तब्बल ४८,६२० मार्ग मिळतात. तेच १०० चौक झाडाच्या फांद्यांसारखे जोडले तर ९९ एजमध्ये काम भागतं, पण मार्ग उरतो फक्त एक. तो पाइपलाइनसाठी खोदला की संपलं! ॲम्ब्युलन्सलाही दुसरा रस्ता नाही.

पुण्यात दोन्ही प्रकार आहेत. पेठांमधले रस्ते अरुंद, पार्किंगची बोंब, पण गल्ली बहुतेक वेळा दुसऱ्या गल्लीत निघते. उपनगरात मात्र शेताचा गट विकला गेला, बिल्डरने कंपाउंड घातलं, एक गेट ठेवलं, आतले रस्ते खासगी. शेजारच्या गटात दुसरा बिल्डर, तीच गोष्ट. प्रत्येक प्रोजेक्ट आपल्यापुरता झकास, पण दोघांना जोडायचं काम कुणाचंच नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली, तोवर बऱ्याच ठिकाणी इमारती उभ्या राहिल्या होत्या.

आणि रस्ते सहसा बदलत नाहीत. १९६१च्या पानशेत पुरात नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे गेले, जागी बिल्डिंगी आल्या, पण बऱ्याचशा गल्ल्या तिथेच राहिल्या.

तुमचा भाग स्वतः मोजायचा असेल तर पायथॉनची ओएसएमएनएक्स लायब्ररी वापरा. ती ओपनस्ट्रीटमॅपवरून ग्राफ बनवते आणि दर चौकाला सरासरी किती रस्ते मिळतात ते सांगते. एक काळजी घ्या: गाड्यांचं नेटवर्क मागितलं तर खासगी म्हणून नोंदलेले रस्ते ती वगळते. सोसायट्यांच्या भागात त्यामुळे आकडा बराच बदलू शकतो.

यावर जुना उपाय म्हणजे नगररचना योजना, म्हणजेच टीपी स्कीम. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, आधी रस्ते काढायचे, मग उरलेली जमीन नव्या आकारात मूळ मालकांना परत द्यायची. अहमदाबाद बरंचसं असंच वाढलं.

बांधून झालेल्या भागात हे जमणं अवघड. तिथे दोन सोसायट्यांच्या सामाईक भिंतीत पायी जाण्यापुरतं गेट काढलं तरी ग्राफमध्ये एक एज वाढते. वॉचमनचा पगार दोघांनी वाटून घ्यावा लागेल, एवढंच.