शस्त्रक्रियागृहातील तीन थांबे

शस्त्रक्रिया म्हटली, की आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो शल्यविशारद. पण शस्त्रक्रियागृहात तो एकटा नसतो. भूल देणारे डॉक्टर, साहाय्यक, परिचारिका असे अनेकजण तेथे एकाच रोग्यासाठी झटत असतात.

समजा, उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करायची आहे आणि तयारी मात्र डाव्याची झाली आहे. नव्या परिचारिकेच्या ते ध्यानात आले. पण ‘एवढ्या मोठ्या डॉक्टरांना मी कसे सांगू?’ म्हणून ती गप्प राहिली, तर काय होईल?

असे होऊ नये म्हणून योजलेला उपाय विमानविद्येतून आला आहे. १९३५ साली अमेरिकेत बोइंग कंपनीचे एक नवे विमान चाचणीच्या वेळी कोसळले. यंत्रात बिघाड नव्हता. उड्डाणापूर्वी सुकाणूंचा अडसर काढायचा राहून गेला होता! तेव्हापासून वैमानिक यादी वाचून एकेक गोष्ट तपासू लागले.

२००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी अशीच १९ कलमांची यादी तयार केली. या कामाचे नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांनी केले. त्यांचे वडील मूळचे महाराष्ट्रातले. या यादीत तीन थांबे आहेत. भूल देण्यापूर्वी रोग्याचे नाव, शस्त्रक्रियेची जागा आणि त्याला न सोसणारी औषधे तपासतात. त्वचेला छेद देण्यापूर्वी प्रत्येकजण आपले नाव व काम सांगतो. शेवटी, रोग्याला बाहेर नेण्यापूर्वी सुया, हत्यारे व कापडाच्या घड्या मोजतात. एखादी पोटात तर राहिली नाही ना?

नाव सांगण्याने काय साधते, असे तुम्ही विचाराल. एकदा सर्वांसमोर बोललेल्या माणसाला पुढे शंका विचारताना संकोच कमी वाटतो.

नवी दिल्ली, लंडन यांसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दर हजार रोग्यांमागे मृत्यूंचे प्रमाण १५ वरून ८ वर आले होते.

मात्र कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १०१ रुग्णालयांच्या पाहणीत, २०१४ साली, असा लक्षणीय फरक आढळला नाही. असे का व्हावे? यादीवर नुसत्या खुणा केल्या आणि कोणी कोणाशी बोललेच नाही, तर तिचा उपयोग होत नाही, असे अनेक तज्ज्ञ मानतात.

तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही हे करून पाहा. प्रयोगापूर्वी क्षणभर थांबा, बाटलीवरचे नाव मोठ्याने वाचा, आणि गटातील सर्वांत अबोल मित्राला विचारा, “तुला काही चुकलेले दिसते का?”