आधी पाणी, मग नकाशा, मग इमारत : विद्यापीठाच्या आवाराचा पन्नास वर्षांचा हिशेब

(मिरजेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातला ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय तसा रुक्ष आहे. विद्यापीठाचा आवार पुढच्या पन्नास वर्षांत कसा वाढवायचा, इमारती कुठे बांधायच्या, कुठे मुळीच बांधायच्या नाहीत, हे कोण आणि कसं ठरवतं. पण मिरजेत हा विषय सांगायला मला सोपा वाटतो, कारण इथे सितारमेकर गल्ली आहे. तंबोऱ्याचं काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना माहीत आहे, भोपळा आधी येतो. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, वाळलेला असतो, आणि त्याचा घेर किती हे कारागिराच्या हातात नसतं. मग त्या घेराला साजेशी तबली, दांडी, सगळं पुढचं काम. दांडी आधी करून तिला भोपळा शोधत कुणी हिंडत नाही. विद्यापीठाची जमीन म्हणजे हा भोपळा. आपल्याकडे मात्र पुष्कळदा दांडी आधी तयार असते, म्हणजे इमारतीचा मंजूर नकाशा, आणि ती घेऊन आपण आवारात जागा शोधत फिरतो.

घराजवळचं उदाहरण घेऊ. १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने विलिंग्डन कॉलेज काढलं. आज ते विश्रामबागेत आहे, सांगली आणि मिरज यांच्या मध्ये. १९४७ साली त्याच भागात वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज आलं. आता विश्रामबाग स्टेशनच्या बाहेर उभं राहून कुणाला विचारा, सांगली कुठे संपते नि मिरज कुठे सुरू होते? सांगता येणार नाही. १९९८ मध्ये तर सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महापालिका झाली. एक गोष्ट पक्की धरा. गावाबाहेर म्हणून घेतलेली जागा गावाबाहेर राहत नाही. कॉलेज आलं की रस्ता येतो, रस्त्यामागे खानावळी, झेरॉक्सची दुकानं, भाड्याच्या खोल्या, आणि शेवटी शहरच कुंपणाला येऊन भिडतं. म्हणून कुंपणाच्या आत जे मोकळं आहे तेवढंच पुढे मोकळं राहणार आहे. त्याला ‘पडीक’ म्हणू नका.

आता आपल्या विद्यापीठाकडे येऊ. सांगली, सातारा, कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांचं ते विद्यापीठ. शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी सुरू झालं, राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते. आपलं मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही त्याच वर्षीचं. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार, इतिहासाचे अभ्यासक. कोल्हापूरच्या पूर्वेला सागरमाळावर ८५३ एकर जागा मिळाली. त्या काळात किती विभाग होते, किती विद्यार्थी होते? अगदी थोडे. एवढी जमीन कशाला, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं असेल तर आश्चर्य नाही. पण पुढच्या सहा दशकांत जे जे आलं, तंत्रज्ञान आलं, संगणक आला, नवी वसतिगृहं आली, ते सगळं या आवारात बसलं. जमीन मुबलक घेणं हा पहिल्या पिढीचा शहाणपणा.

तुलनेला मुंबई विद्यापीठ घ्या. १८५७ चं विद्यापीठ, फोर्टात राजाबाई टॉवर, दिमाखदार इमारती, पण वाढायला जागा नाही. शेवटी कलिन्याला दुसरा आवार करावा लागला. एका विद्यापीठाचे दोन तुकडे, आणि मधे मुंबईची वाहतूक. साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आणखी वेगळं. २०२१ साली रयत शिक्षण संस्थेची तीन महाविद्यालयं एकत्र करून ते झालं. तिथे कोरा माळ नव्हताच, आधीच उभ्या असलेल्या आवारांना एका विद्यापीठात ओवायचं होतं. त्याचे प्रश्न निराळे, त्यावर स्वतंत्र बोलायला हवं.

माळरान मिळालं म्हणजे जमीन मिळाली, पाणी मिळालं नाही. इथे जरा थांबू, कारण माझ्या मते सगळा विषय इथेच आहे.

आपण एक साधं गणित करू. एका एकरावर एक मीटर पाऊस पडला तर सुमारे ४० लाख लिटर पाणी होतं. कोल्हापूर शहराचा पाऊस ढोबळ मानाने वर्षाला एक मीटर धरा. ८५३ एकरांवर झाले जवळजवळ ३४५ कोटी लिटर. आता आवारात राहणारी पाच हजार माणसं कल्पनेने धरा. माणशी दिवसाला १३५ लिटर, शहरी पाणीपुरवठ्याचं हे नेहमीचं प्रमाण. वर्षाचे झाले साधारण २५ कोटी लिटर. म्हणजे पडणाऱ्या पाण्याचा चौदावा भाग अडवला तरी पुरलं. आपल्याला एप्रिल २०१६ आठवत असेल. मिरज जंक्शनवरून लातूरला पाण्याची गाडी गेली होती. पहिली दहा वाघिणींची, पाच लाख लिटरची. नंतर पन्नास वाघिणींच्या, पंचवीस लाखांच्या गाड्या गेल्या. त्या मोठ्या गाडीच्या मापाने सांगायचं तर या माळावर दर पावसाळ्यात तेराशेहून जास्त गाड्या पाणी आभाळातून उतरतं.

आणि ते वाहून जात होतं! शिवाजी विद्यापीठाने पुढे आवारात तलाव, विहिरी, शेततळी यांच्यावर काम केलं आणि पाण्याची गरज बरीचशी स्वतःच भागवायला लागलं. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. सांगलीत काय झालं ते मी तुम्हांला सांगायला नको. कोल्हापुरात नदीकाठची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, चहूकडे पाणी आणि नळाला थेंब नाही. तेव्हा माळावरच्या या विद्यापीठाने शहरातल्या लोकांना पाणी दिलं. साठ वर्षांत कुणी म्हटलं असतं की या तळ्याच्या जागी भराव टाका, छान सपाट प्लॉट मिळतो, वर एक सभागृह होईल, तर? म्हणणारे असतातच. कागदावर तळं रिकामी जागा दिसतं.

म्हणून आवाराच्या नकाशावर पहिली रेघ पाण्याची हवी. ओढे, उतार, पाणी मुरण्याच्या जागा. दुसरी रेघ पायी चालण्याची. तिसरी गटार, वीज, केबल यांची. इमारतीची रेघ चौथी.

पायी चालणं म्हणजे काय, तेही सांगतो. माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो. दोन तासांच्या मधे दहा मिनिटं असतात, म्हणजे ८०० मीटर. ८५३ एकर चौकोनी मानले तर एक बाजू जवळजवळ १,८५० मीटर येते. टोकापासून टोकापर्यंत तेवीस मिनिटं. म्हणजे सगळे विभाग ऐसपैस पसरवले तर दुसऱ्या विभागातला एखादा तास ऐकायला जाणं विद्यार्थी सोडूनच देणार. मग आपण आंतरविद्याशाखीय शिक्षणावर परिसंवाद घेणार. (श्रोत्यांत हशा.) जमीन भरपूर आहे म्हणून विखरून बांधणं ही श्रीमंतीची चूक आहे. वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा एकमेकांना धरून, आणि बाकी मोकळं.

हे आपल्याकडे ज्यांनी सर्वांत नीट ओळखलं ते कोकणातले. अच्युत कानविंदे, मालवणजवळच्या आचऱ्याचे, जन्म १९१६. मुंबईच्या जे.जे. मध्ये शिकले, पुढे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपिअस यांच्या हाताखाली. कानपूरची आय.आय.टी. त्यांनी आखली, आणि तिथले पहिले संचालकही मराठी, पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. ग्रंथालय, व्याख्यानगृहं, अध्यापकांच्या खोल्या त्यांनी जवळजवळ ठेवल्या आणि दोन मजली पादचारी मार्गांनी जोडल्या. खाली सावलीतून चाला, वरून चाला, वाहनं बाहेरच्या बाजूला. कानपूरच्या उन्हात याची किंमत कळते. १९६९ साली कानविंदे आणि एच. जेम्स मिलर यांनी भारतातल्या आवारांच्या रचनेवर पुस्तकच लिहिलं.

चालण्याची दुसरी बाजू रात्रीची. ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडं असतं, पण मुलींचं वसतिगृह दीड किलोमीटरवर, मधे झाडी आणि दर तिसरा दिवा बंद. मग जतहून, आटपाडीहून आलेली मुलगी सात वाजताच पुस्तक मिटून निघते. नियमात ग्रंथालय सगळ्यांना सारखं खुलं आहे. नकाशात नाही. वसतिगृहाची जागा ठरवताना बांधकाम समितीत हे किती वेळा बोललं जातं? मी ज्या समित्यांवर होतो तिथे फार कमी.

माझ्याच एका फजितीची गोष्ट सांगतो. संस्थेचं नाव घेत नाही. एका महाविद्यालयाच्या बांधकाम समितीवर मी होतो. ग्रंथालयाची नवी इमारत मंजूर झाली होती, अनुदानाची रक्कम एकतीस मार्चच्या आत कामी लावायची होती. आमच्यासमोर आवाराचा जो नकाशा होता तो झेरॉक्सची झेरॉक्स, त्यात समोच्च रेषाच नव्हत्या. पश्चिमेचा तुकडा मोकळा दिसला, बोट ठेवलं. तिथला जुना माळी म्हणाला, ‘साहेब, तिथं पाणी बसतंय.’ आम्ही हसून मान डोलावली. पहिल्याच पावसाळ्यात तळघरात गुडघाभर पाणी, आणि नियतकालिकांचे जुने गठ्ठे भिजून लगदा. त्यांतले काही अंक दुसरीकडे कुठे मिळाले नाहीत. ठरावावर माझी सही आहे. माळ्याचं म्हणणं इतिवृत्तात नाही, कारण माळी समितीचा सदस्य नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, मग पक्का पन्नास वर्षांचा नकाशा एकदाच करून टाका. इथे माझं मत थोडं वेगळं आहे. अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठात क्रिस्टोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग मांडला, १९७५ साली त्यावर पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं, पन्नास वर्षांनंतरची प्रत्येक इमारत आज रंगवून ठेवणं हा भ्रम आहे. त्याऐवजी नियम ठरवा, दरवर्षी आवाराची तपासणी करा, काय दुखतंय काय बरं आहे ते पाहा, वापरणाऱ्यांना विचारा, आणि मोठ्या कामांइतकाच पैसा मध्यम आणि लहान कामांना द्या. लहान कामं म्हणजे एखादी बसायची जागा, पायवाटेवर फरशी, एक खिडकी. मला यातलं अर्धं पटतं. इमारतींच्या बाबतीत ते बरोबर आहेत. १९६२ मध्ये संगणक विभागाची जागा कोण राखून ठेवणार होतं? पण पाण्याच्या, झाडीच्या आणि मुख्य वाटांच्या बाबतीत मात्र पक्की रेघच हवी, आणि ती दर नव्या कुलगुरूंबरोबर हलता कामा नये.

पैशाचं थोडक्यात. इमारत बांधायला अनुदान मिळतं, सांभाळायला मिळत नाही. उद्घाटनाला फीत असते, गळक्या छताच्या डागडुजीला नसते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९० साली सार्वजनिक इमारतींसाठी एक प्रमाण सांगितलं : ती इमारत आज नव्याने बांधायला जो खर्च येईल त्याच्या दोन ते चार टक्के दरवर्षी देखभालीला. म्हणजे दहा कोटींची इमारत घेतलीत की वर्षाला वीस ते चाळीस लाखांचं देणं डोक्यावर घेतलंत. हा आकडा मंजुरीच्या कागदावरच लिहायला हवा.

आणि एक गोंधळ दूर करतो. आपल्याकडे ‘बृहत् आराखडा’ हा शब्द पेपरात येतो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार विद्यापीठ तो पाच वर्षांसाठी करतं. पण त्यात मुख्यतः नवी महाविद्यालयं कुठे निघावीत ते असतं. आवारातल्या ओढ्याचं काय करायचं, हे त्यात शोधू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक संस्थेने स्वतःचा विकास आराखडा करावा असं आहे. तिथे ही संधी आहे. नाहीतर तोही आपण मागच्या वर्षीची फाइल उघडून, तारीख बदलून पाठवू.

(श्रोत्यांतून प्रश्न : सांगली जिल्ह्यात विद्यापीठाचं उपकेंद्र व्हावं यावर इतकी वर्षं चर्चा चालू आहे. नवीन जागा हातात आली तर पहिलं काम कोणतं?)

कुठल्या तालुक्यात व्हावं यात मी पडत नाही, मला रात्री घरी जायचंय. (हशा.) पण जागा ताब्यात आली की पहिला पावसाळा काही बांधू नका, कुंपण घाला आणि बघा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर आठवड्याला एक माणूस, हातात नकाशा, पाणी कुठून येतं नि कुठे थांबतं याच्या खुणा करत फिरू दे. भूगोल विभागाची मुलं हे आनंदाने करतील, त्यांना प्रकल्पाचे गुण द्या. शेजारच्या शेतकऱ्यांना चहाला बोलवा आणि विचारा, ओढ्याचं पाणी सर्वांत वर कुठपर्यंत आलं होतं, कोणत्या साली. झाडं मोजा. मग समोच्च रेषांचा नकाशा करून घ्या, त्यावर या खुणा चढवा, आणि त्याची एक प्रत प्रवेशद्वाराशी भिंतीवर लावा, कुणालाही दिसेल अशी. ऑक्टोबरात वास्तुविशारदाला बोलवा. आणि बैठकीला माळी असू दे, खुर्चीवर.

अजून कुणाचा प्रश्न? मागे हात वर दिसतोय, बोला.