मध्यस्थाचे ज्ञान आणि स्वामित्वहक्काचा भंग

तुळजाभवानीच्या गोंधळातील परंपरागत पदांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. परंतु त्यांच्या ध्वनिमुद्रणावर कॉपीराइट अधिनियम, १९५७ अन्वये ६० वर्षांचा स्वतंत्र हक्क निर्माण होतो. तुळजापुरातील एखाद्या गोंधळ्याने स्वतःच्या गायनाचे मुद्रण इंटरनेटवर ठेवले आणि एखाद्या कंपनीने ते आपले असल्याचा दावा केला, तर मुद्रण साठविणाऱ्या वा वाहून नेणाऱ्या मध्यस्थाने काय करावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

अधिनियमाच्या कलम ५१ प्रमाणे भंगकारक प्रसारणासाठी नफ्याकरिता 'जागा' वापरू देणाराही जबाबदार ठरतो. भंगाची जाणीव नसणे व तसे मानण्यास वाजवी कारण नसणे, हाच त्याचा बचाव होय. नाट्यगृहाच्या मालकास शोभणारी ही भाषा दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी २०११ साली इंटरनेटला लावली आणि सुपर कॅसेट्सच्या दाव्यात मायस्पेसला जबाबदार धरले. २०१६ साली खंडपीठाने तो निर्णय फिरविला. जागा आभासी असू शकते, हे त्यासही मान्य होते. तथापि आपल्याकडे कोठेतरी भंग चालत असावा ही सर्वसाधारण कल्पना म्हणजे ज्ञान नव्हे, विशिष्ट कृतीचे प्रत्यक्ष ज्ञान हवे, असे त्याने ठरविले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ चे संरक्षण कॉपीराइटच्या बाबतीत मुळीच मिळत नाही, हा युक्तिवादही टिकला नाही. हे योग्यच झाले. अन्यथा प्रत्येक मध्यस्थास न्यायाधीश व्हावे लागले असते.

केवळ जोडणी पुरविणाऱ्याचे स्थान याहून वेगळे. 'ढिशूम' चित्रपटाच्या निमित्ताने २०१६ साली भारत संचार निगम व इतर सेवा पुरवठादारांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात आलेल्या दाव्यात न्या. गौतम पटेल यांनी पुराव्यावाचून संपूर्ण संकेतस्थळे बंद करण्यास नकार दिला व तपासलेल्या विशिष्ट दुव्यांवर भर दिला. धाराशिव जिल्हा याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो.

खरी अडचण मात्र कालमर्यादेची आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेली कलम ५२ मधील तरतूद आणि २०१३ चे नियम, तात्पुरत्या वा आनुषंगिक साठवणीबाबत, लेखी तक्रारीनंतर ३६ तासांत प्रवेश रोखण्यास सांगतात. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश न आल्यास तो पुन्हा खुला करता येतो. ज्याचे मुद्रण रोखले, त्यास तत्पूर्वी ऐकून घेण्याची सोय नियमांत नाही. घटस्थापनेस रोखलेले पद नऊ रात्रीच काय, कोजागिरीही उलटून गेल्यावर परत येते.