दिवाळीची भेट : घरचं उटणं



दिवाळी जवळ आली की गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी वाढते. कुणाला मुलांचे कपडे, कुणाला फराळाचा किराणा, तर कुणाला नुसतं देण्याघेण्यासाठी पैसे हवे असतात. नणंद येणार, जावेकडे जायचं, भाऊबीजेला माहेरी जायचं, आणि रिकाम्या हाताने कसं जायचं? मग दुकानातून काहीतरी चकचकीत खोकं आणायचं आणि त्याचा हप्ता संक्रांतीपर्यंत फेडत बसायचं. यंदा त्यातली निदान एक भेट आपण हाताने करू. ती म्हणजे उटणं. नरक चतुर्दशीच्या पहाटे घरोघरी ते लागतंच, त्यामुळे भेट कपाटात पडून राहत नाही.

उटणं करणं सोपं आहे, पण बिघडवणंही तितकंच सोपं आहे. आमच्या गटाने पहिल्या वर्षी ते बिघडवलं. तोच अनुभव आधी सांगते.

आमचं काय चुकलं

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात आम्हाला उटण्याची आठवण झाली. आभाळ भरलेलं होतं. संत्र्याची सालं दोन दिवस ओसरीत पसरली, वरून कडक लागली म्हणून लगेच दळली आणि प्लास्टिकच्या पुड्या भरल्या. दिसायला सुरेख झाल्या होत्या. मी मोठ्या कौतुकाने नणंदेला दोन पुड्या दिल्या. वन्सं काहीच बोलल्या नाहीत. भाऊबीजेला भाची म्हणाली, "मामी, तुझ्या उटण्याला कुबट वास येत होता गं. आईने दुकानातलं आणून लावलं." उरलेल्या पुड्या फोडून पाहिल्या तर आत गोळे धरलेले आणि मधे बुरशी. सगळं उकिरड्यावर गेलं. पैसे गेलेच, पण वन्सं माझ्या भिडेने गप्प राहिल्या, ते जास्त लागलं.

तेव्हापासून आम्ही एकच नियम धरला आहे. उटण्यात चंदन नसलं तरी चालेल, ओल मात्र नको.

साहित्य

चाळून तयार झालेलं १ किलो उटणं करायचं असेल तर पावडरीचं प्रमाण असं :

• मसूर डाळीचं पीठ – ४०० ग्रॅम
• मुलतानी माती – १५० ग्रॅम
• आंबेहळद – १०० ग्रॅम
• संत्र्याच्या सालीची पूड – १०० ग्रॅम
• नागरमोथा – ७५ ग्रॅम
• कपूरकाचरी – ७५ ग्रॅम
• वाळा – ५० ग्रॅम
• गुलाबपाकळ्या – ५० ग्रॅम

चाळताना चोथा निघतो, म्हणून कच्चं साहित्य थोडं जास्त घ्या. वाळ्यात आणि नागरमोथ्यात चोथा सगळ्यात जास्त निघतो.

कशाचं काय काम, हे माहीत असलं की एखादी गोष्ट मिळाली नाही तरी अडत नाही. डाळीचं पीठ आणि मुलतानी माती अंगावरचं तेल आणि मळ धरून ठेवतात. हा उटण्याचा पाया आहे. मसूर नसेल तर हरभऱ्याचं पीठ घ्या. आंबेहळदीला कैरीसारखा वास असतो, आणि आपल्या रोजच्या हळदीइतकी ती अंग आणि टॉवेल पिवळा करत नाही. नागरमोथा, कपूरकाचरी आणि वाळा ही वासाची मंडळी. नागरमोथा म्हणजे शेतात आपल्याला छळणाऱ्या लव्हाळ्याच्याच कुळातला. हे सगळं काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं.

चंदनाच्या मागे लागू नका. खरं चंदन महाग असतं. कुणी पावडर स्वस्तात देत असेल तर तो वास घातलेला भुसा नाही ना, अशी शंका घ्या.

वाळवण

संत्र्याची सालं ऐन दिवाळीत वाळवायला घेऊ नका. विदर्भातला मृग बहार साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाजारात येतो. त्याच वेळी सालं साठवा आणि पापड-कुरडयांबरोबर उन्हाळ्याच्या उन्हात वाळवा. सालीच्या आतला पांढरा गर चमच्याने खरवडून काढा, कारण ओल त्यातच धरून राहते. साल मोडल्यावर कट्‌ असा आवाज आला पाहिजे. वाकली तर अजून ऊन द्या. वाळलेली सालं घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि पावसाळ्यात डबा उघडू नका.

गुलाबपाकळ्या मात्र सावलीत वाळवायच्या. उन्हात त्यांचा रंग उडतो आणि वासही. बोटात चुरगळल्यावर भुगा झाला म्हणजे वाळल्या.

बाकीचं साहित्य दुकानातून कोरडं दिसत असलं तरी दळण्याआधी एक दिवस कडक ऊन दाखवा. पाऊस ओसरल्यावरचं ऑक्टोबरचं ऊन यासाठी चांगलं. डाळ निवडून मंद आचेवर नुसती गरम होईपर्यंत परता. भाजू नका, नाहीतर उटण्याला पिठल्याचा वास येईल.

दळण आणि चाळण

वाळ्याच्या मुळ्या चिवट असतात, मिक्सरच्या पात्याला गुंडाळतात. आधी कात्रीने अर्ध्या इंचाचे तुकडे करा. नागरमोथा आणि आंबेहळद खलबत्त्यात फोडून घ्या. मिक्सर थांबवत थांबवत चालवा, भांडं तापलं की वास उडून जातो.

ज्या भांड्यात मिरची किंवा मसाला दळता, त्यात उटणं अजिबात दळू नका. धुतलं तरी तिखट झाकणाच्या रबरात राहतं आणि पोराच्या तोंडाला उटणं लावलं की आग होते. गिरणीत नेणार असाल तर गिरणीवाल्या भाऊंना आधी विचारा, जात्यावरून त्याआधी काय गेलं आहे. मिरची कांडपाच्या गिरणीत तर नकोच.

दळलेलं सगळं आधी बारीक चाळणीने आणि नंतर पातळ सुती कापडातून चाळा. हे वस्त्रगाळ करायचा कंटाळा करू नका. सालीची किंवा वाळ्याची कणी राहिली तर अंगाला ओरखडे येतात. नाका-तोंडाला रुमाल बांधूनच बसा.

आता परीक्षा. दोन चमचे उटणं काचेच्या कोरड्या बरणीत घालून झाकण लावा आणि तासभर उन्हात ठेवा. काचेला आतून धुकं आलं तर ओल आहे. सगळं उटणं परत उन्हात पसरा. धुकं आलं नाही तर ते पूर्ण गार होऊ द्या आणि मगच भरा. कोमट उटणं पुडीत घाम धरतं.

भेट कशी द्यायची

५० ग्रॅमची एक पुडी चार माणसांच्या एका अंघोळीला पुरते. आत घट्ट बंद होणारी पिशवी आणि बाहेर शिवणकामातल्या उरलेल्या तुकड्यांची बटवी. बरोबर दोन पणत्या ठेवल्या की भेट भरल्यासारखी दिसते.

बटवीत एक चिठ्ठी मात्र हवी. तिच्यावर साहित्य, तयार केल्याची तारीख आणि वापरायची रीत लिहा. आधी अंगाला तेल लावायचं, मग उटणं पाण्यात किंवा दुधात कालवून लावायचं. लागेल तेवढंच कालवायचं, ओलं उरलेलं ठेवायचं नाही. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघायचं, खाज किंवा लाली आली तर वापरायचं नाही. डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही, जखमेवर लावायचं नाही, तान्ह्या बाळाला लावायचं नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी न्हाणीघरात खाली गोणपाट टाकायचं, तेलाने फरशी निसरडी होते.

"गोरं करतं", "त्वचेचे रोग घालवतं" असलं काही लिहू नका. उटण्याने अंग स्वच्छ होतं आणि दिवाळीचा वास येतो, तेवढं पुरेसं आहे.

हिशोब

दहा जणींनी मिळून ५ किलो केलं तर १०० पुड्या होतात, प्रत्येकीला दहा. समजा साहित्य १७५० रुपये, पिशव्या आणि चिठ्ठ्या ३०० रुपये, दळण आणि जाणंयेणं १५० रुपये. एकूण २२०० रुपये, म्हणजे प्रत्येकीची वर्गणी २२० रुपये आणि एक पुडी २२ रुपयांना. आपल्या बाजारातले भाव घालून हा हिशोब बैठकीत पुन्हा मांडा.

पण वहीत आणखी एक ओळ लिहा. चौघींनी दिवसभर दळण-चाळण केलं, समजा ३०० रुपये रोज, म्हणजे १२०० रुपये मजुरी. ती धरली तर पुडी ३४ रुपयांना पडते. भेट देताना ती मजुरी आपण प्रेमाने सोडतो. पण उद्या कुणी म्हणालं, "ताई, पंचवीसला द्या की विकत," तर आपण पदरचे नऊ रुपये घालतोय हे कळायला हवं.

विकण्याबद्दल एक सूचना. स्वतःसाठी आणि भेटीसाठी उटणं करायला परवाना लागत नाही. विकण्यासाठी बनवायचं असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. पापड-लोणच्यासाठी घेतलेली एफएसएसएआयची नोंदणी उटण्याला चालत नाही, कारण उटणं हा खायचा पदार्थ नाही. एखादीला हा धंदा करायचाच असेल तर आधी तालुक्याच्या कार्यालयात चौकशी करा, एकट्या गटाऐवजी प्रभाग संघामार्फत करता येईल का ते बघा, आणि मगच स्टॉल मांडा.

पुढच्या बैठकीत वर्गणी ठरवा, आणि सालं कुणाच्या डब्यात आहेत तेही विचारा. कुणाकडेच नसतील तर यंदा सालीशिवाय करा, तिच्या वजनाइतकं डाळीचं पीठ वाढवा. गेल्या दिवाळीला माझ्या नणंदेने स्वतःहून निरोप पाठवला होता : "वहिनी, चार पुड्या जास्त ठेवा, जावांना द्यायच्यात." यंदा तिच्यासाठी सहा ठेवणार आहे.