केळ्यात किरणं राहत नाहीत

पेण तालुक्यातल्या जोह्यात श्रावणात पाय ठेवायला जागा नसते. घराच्या पडवीत, मांडवाखाली, कारखान्यात सगळीकडे गणपती. अशाच एका ओळखीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी चालली होती. सजावटीला केळीचे खांब कुठून आणायचे यावर बोलणं सुरू झालं आणि तिथल्या काकांनी मला विचारलं, "ताई, ट्रॉम्बेवाल्यांनी किरणं सोडून केळीची नवी जात काढलीय म्हणे. ती केळी नैवेद्याला चालतील का?"

काकांनी ऐकलं होतं ते खरंच आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्राच्या साथीने 'कावेरी वामन' ही जात दिली आहे. आपले शेतकरी जिला जी-नाइन म्हणतात त्या ग्रँड नैन केळीपासून ती काढली. मूळ जातीपेक्षा झाड सुमारे दीड फूट बुटकं आणि घड सुमारे दीड महिना आधी तयार. वादळवाऱ्यात घडाच्या ओझ्याने उभी बाग आडवी झालेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना दीड फुटाची किंमत सांगावी लागत नाही.

पण काकांचा प्रश्न किरणांचा होता. केळ्यात किरणं राहतात, हा पहिला आणि सगळ्यांत मोठा गैरसमज. छातीचा एक्स-रे काढून घरी आलेला माणूस घरच्यांना किरणं देत बसत नाही. इथेही तसंच. बी किंवा कोंब एका बंद यंत्रात ठेवतात, कोबाल्ट-60 मधून निघणारे गामा किरण त्यातून आरपार जातात आणि संपतात. कोबाल्टचा कण बियाला शिवत नाही, लागत नाही. तो वेगळ्या नळकांड्यात बंद असतो. त्या किरणांची ऊर्जाही बियातल्या अणूंना किरणोत्सारी करण्याएवढी नसते. शिवाय किरणं बसतात ती प्रयोगशाळेतल्या पहिल्या कोंबाला. आपल्या ताटात येतं ते त्याच्या कितव्यातरी पिढीतलं फळ. त्याने किरणं पाहिलेलीच नसतात. खरं तर कुठल्याही साध्या केळ्यात पोटॅशियम-40 हा निसर्गातला किरणोत्सारी अणू थोडासा असतोच, आणि तरी आपण बाळाला पहिलं फळ म्हणून केळंच भरवतो.

मग किरणं करतात काय? पेशीतल्या गुणसूत्रावर घाव घालतात. पेशी तो घाव बुजवते, पण बुजवताना कधीकधी एखादं अक्षर चुकतं. चुकलेलं अक्षर पुढच्या पेशींत तसंच उतरतं. यालाच उत्परिवर्तन म्हणायचं. हर्मन मुलर यांनी 1927 मध्ये एक्स-रे देऊन फळमाशीत असे बदल घडवून दाखवले. पाठोपाठ लुईस स्टॅडलर यांनी सातूसारख्या पिकांतही ते दाखवले. किरणांऐवजी रसायनानेही हे साधतं; भेंडीची 'पंजाब-8' ही जात पुसा सावनीच्या बियाला तसं रसायन देऊन काढलेली आहे.

हे सगळं निसर्गाविरुद्ध आहे असं म्हणणाऱ्यांना मी द्राक्षबागेत जायला सांगते. सूर्यकिरण, उष्णता, पेशी दुप्पट होतानाच्या चुका यांनी असे बदल रानात, परसात रोज होत असतात. आपल्या 'तास-ए-गणेश' द्राक्षाला कुणी गामा किरण दिले नव्हते. थॉमसन सीडलेसच्या वेलींतच ते वेगळेपण उमटलं होतं आणि तासगावकडच्या बागाईतदाराने ते हेरून, जपून वाढवलं. 'सोनाका'ही थॉमसनमधूनच, नान्नजच्या नानासाहेब काळे यांच्या नजरेतून आली. प्रयोगशाळा नवा नियम काढत नाही, बदलांची संख्या वाढवते.

संख्या वाढते म्हणून काम सोपं होत नाही. किरणं दिली की झाली नवी जात, हा समज मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण त्यात माणसांची वर्षानुवर्षांची मेहनत झाकली जाते. किरण कुठे घाव घालतील हे सांगता येत नाही आणि बहुतेक घाव नुकसानच करतात. बी रुजत नाही, रोप खुरटतं, फूल वांझ निघतं. जी बियाणी तगतात त्यांच्या पहिल्या पिढीत बदल बहुधा दडलेला असतो. दुसऱ्या पिढीत हजारो रोपं लावून वाफ्यावाफ्यातून फिरत एकेक झाड पाहावं लागतं. त्यातून कामाचं एखादं हाती लागलं तर पुढे काही हंगाम वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या.

फळझाडांत आणि फुलझाडांत आणखी एक पेच आहे. किरण कोंबातल्या एखाद्याच पेशीत बदल करतो, बाकी पेशी जुन्याच राहतात. म्हणून शेवंतीच्या एकाच फुलात निम्म्या पाकळ्या एका रंगाच्या आणि निम्म्या दुसऱ्या असं फूल उमलतं. दिसायला सुंदर, पण जात म्हणून भरवशाचं नाही. बदललेला भाग वेगळा काढून, त्याच्यापासून पुन्हा पुन्हा रोपं करत अख्खं झाड एकसारखं होईपर्यंत थांबावं लागतं. लखनऊच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेवंतीचे आणि ट्रॉम्बेने बोगनवेलीचे नवे रंग असेच मिळवले. जपानमध्ये निजिस्सेइकी नावाच्या नाशपातीवर काळ्या डागांचा रोग पडायचा. 1962 मध्ये तिची झाडं गामा किरणांच्या शेतात लावली. 1981 मध्ये एका झाडाची एक फांदी रोगातून वाचलेली दिसली. एकोणीस वर्षांनी एक फांदी!

काकांना हे पटकन उमगलं, कारण त्यांचं कामच तसं आहे. मनासारखी मूर्ती एकदा घडते, मग तिचा साचा काढतात आणि साच्यातून हवे तेवढे गणपती. आंब्याचं कलम, केळीचा मुनवा हे झाडाचे साचेच. केळीला तर दुसरी वाटच नाही. खायच्या केळीत बी धरत नाही, त्यामुळे दोन जातींचा संकर करणं फार अवघड. साच्यातून साचा निघत राहिला तर नवं येणार कुठून? म्हणून केळीसाठी उत्परिवर्तनाला एवढं मोल आहे.

"म्हणजे बीटी वांग्यासारखंच ना?" शेजारी रंग कालवणाऱ्या मुलाने विचारलं. नाही. बीटी वांग्यात जिवाणूचं जनुक आणून बसवलं होतं. फेब्रुवारी 2010 मध्ये केंद्र सरकारने त्याची लागवड रोखली. उत्परिवर्तनात बाहेरचं जनुक येत नाही, झाडाचं स्वतःचं अक्षर बदलतं. म्हणून या जातींना जनुकीय पिकांची वेगळी परवानगी लागत नाही. नेहमीच्या संकरित किंवा निवड जातींसारख्या चाचण्या आणि अधिसूचना लागते. बी दरवर्षी विकतच घ्यावं लागतं हेही खरं नाही. ट्रॉम्बे आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून दिलेला उडीद टीएयू-1 आणि भुईमूग टॅग-24 यांचं बी शेतकरी घरी धरतात, कारण ते संकरित वाण नव्हेत.

आणखी एक गल्लत लासलगावची. तिथल्या 'कृषक' केंद्रात कांद्याला किरणं देतात ती कोंब फुटू नयेत म्हणून. याच केंद्रातून किरणं दिलेला हापूस 2007 मध्ये अमेरिकेला गेला, तो आंब्यातली कीड पुढे पसरू नये म्हणून. तिथे किरणं थेट त्या कांद्याला, त्या आंब्याला बसतात आणि नवी जात वगैरे काही तयार होत नाही. ते कांदे-आंबेही किरणोत्सारी होत नाहीत. पण ते काम टिकवण्याचं, हे काम घडवण्याचं. वर्तमानपत्रात दोन्हीला 'किरणांचा वापर' म्हटलं जातं आणि वाचणारा गोंधळतो.

मात्र ही जादू नाही. बुटकी केळी आली म्हणून करपा किंवा मर रोग आपोआप टळत नाही, आणि सगळ्या शिवारात एकच जात लावली तर जुन्या जातीचा धोका नव्या जातीलाही आहेच. कुणी 'अणुबियाणं' किंवा 'किरणांचं रोप' म्हणून दारात काही विकायला आला, तर त्याला जातीचं नाव आणि ती अधिसूचित आहे का ते विचारा. ऊतीसंवर्धित रोप असेल तर प्रमाणित प्रयोगशाळेचा दाखला मागा. नाव सांगता आलं नाही तर घेऊ नका.

आणि काका, ती केळी बाजारात आली की बेलाशक नैवेद्याला ठेवा. आरती झाली की प्रसादाचं एक मलाही द्या.