माज ओसरल्यानंतरचे दोन महिने

स्वीडनमध्ये कुत्र्यांचा आरोग्यविमा उतरवण्याची पद्धत जुनी आहे. निरोगी मादीची नसबंदी करण्याची पद्धत मात्र तिथे कित्येक दशकं नव्हती. त्यामुळे तिथल्या संशोधकांच्या हाती एक दुर्मीळ नोंदवही आली. नसबंदी न केलेल्या असंख्य माद्या वय वाढत जाताना कशाने आजारी पडतात, हे विम्याच्या दाव्यांमधून दिसू लागलं. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला आकडा असा : दहा वर्षांची होईपर्यंत सरासरी 23 ते 24 टक्के माद्यांच्या गर्भाशयात पू झालेला. जवळपास चौघींतली एक. पशुवैद्य या आजाराला पायोमेट्रा म्हणतात.

आपल्याकडेही पशुवैद्यांना हा आजार चांगलाच परिचयाचा आहे. सात-आठ वर्षांची कुत्री, महिना-दीड महिन्यापूर्वी हीटवर येऊन गेलेली. आता ती सारखी पाणी पिते, कधी नव्हे ते घरात लघवी करते, जेवणाला तोंड लावत नाही. घरच्यांना वाटतं, उन्हाचा त्रास असेल, वय झालं असेल. प्रत्यक्षात गर्भाशयात वाढलेल्या ई. कोलाय जंतूंचं विष रक्तात उतरलेलं असतं. त्या विषामुळे मूत्रपिंडांना लघवीतलं पाणी परत शोषून घेता येत नाही, म्हणून ती तहान. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर स्राव दिसतो आणि माणसं धावपळ करतात. ते बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, पू आतच साठत जातो. तो प्रकार जास्त घातक. अशा वेळी गर्भाशय काढावंच लागतं, आणि तेही जंतुसंसर्गाने खचलेल्या, उतारवयातल्या जनावराला भूल देऊन. वर्षा-दोन वर्षांच्या निरोगी मादीवर जे ऑपरेशन ठरवून, शांतपणे होतं, तेच इथे जीव वाचवण्यासाठी घाईने करावं लागतं.

हे का होतं, याचं उत्तर कुत्रीच्या शरीराच्या एका खास रचनेत आहे. बाईला गर्भ राहिला नाही, तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दोनेक आठवड्यांत उतरतं आणि गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं. कुत्रीचं तसं नाही. नराशी संग होवो न होवो, माज ओसरल्यावर पुढचे साधारण दोन महिने तिचं प्रोजेस्टेरॉन चढलेलंच राहतं, जणू ती गाभण आहे. या काळात गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्यातल्या ग्रंथी पाझरतात, गर्भाशयाचं आकुंचन थंडावतं आणि तिथली प्रतिकारशक्तीही सैलावते. पिल्लांसाठी केलेली ही सगळी सोय माजाच्या दिवसांत आत शिरलेल्या जंतूंनाही तितकीच मानवते. लांडग्याची मादी वर्षातून एकदाच माजावर येते. घरातली कुत्री बहुधा दोनदा. आठ वर्षांत पंधराएक वेळा तिचं शरीर या चक्रातून जातं आणि दर वेळी अस्तर थोडं अधिक बिघडत जाण्याची शक्यता असते.

‘निदान एकदा तरी पिल्लं होऊ द्या, मग ऑपरेशन करा’ हा आपल्याकडचा लाडका सल्ला मला म्हणूनच पटत नाही. एका बाळंतपणाने आरोग्य सुधारतं, याला आधार नाही. दुसरी पळवाट इंजेक्शनची. माज टाळण्यासाठी दिली जाणारी इंजेक्शनं आणि गोळ्या बहुतेकदा प्रोजेस्टेरॉनचीच कृत्रिम भावंडं असतात. ज्या संप्रेरकामुळे गर्भाशय धोक्यात येतं, तेच आपण बाहेरून टोचतो. त्यातून पायोमेट्राची आणि स्तनांतल्या गाठींची जोखीम वाढते. मांजरांच्या बाबतीत तर हे फारच सर्रास चालतं, आणि ते थांबायला हवं.

स्तनांच्या गाठींबद्दल 1969 सालचा एक अमेरिकी अभ्यास सगळीकडे सांगितला जातो : पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर धोका 0.5 टक्के, एका माजानंतर 8, दोन किंवा जास्त माजांनंतर 26. हे आकडे अनेकदा चुकीचे वाचले जातात. शंभर कुत्र्यांपैकी इतक्यांना गाठ होते, असा त्यांचा अर्थ नाही. नसबंदी न केलेल्या मादीचा धोका शंभर धरला, तर त्याच्या तुलनेतला हा धोका आहे. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी 2012 मध्ये असे सगळे अभ्यास तपासून पाहिले, तेव्हा पुरावा कच्चा असल्याचं त्यांनी स्पष्ट लिहिलं. माझ्या मते आकड्यांच्या दशांश चिन्हात अडकू नये, पण संप्रेरकांचा या गाठींशी संबंध आहे हे नाकारूही नये. मांजरीच्या बाबतीत तर टाळाटाळ नकोच. तिच्या स्तनांतल्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्याच निघतात, आणि सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींमध्ये या कर्करोगाचा धोका 91 टक्क्यांनी कमी असल्याचं 2005 च्या एका अभ्यासात दिसलं.

नरांचं गणित इतकं सरळ नाही. वृषणं काढल्यावर वृषणाचा कर्करोग होत नाही, म्हाताऱ्या कुत्र्याची प्रोस्टेट ग्रंथी सुजून शौचाला त्रास होणं टळतं. प्रोस्टेटच्या कर्करोगापासून मात्र संरक्षण मिळत नाही. एखादं वृषण पोटातच राहिलं असेल, तर ते काढलंच पाहिजे. तिथे गाठ होण्याचा धोका कितीतरी पट असतो.

एक आजार इथे मुद्दाम सांगायला हवा, कारण आपल्या रस्त्यांवर तो नेहमी दिसतो. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ. हा कर्करोग चक्क संसर्गाने पसरतो. संगाच्या वेळी एका कुत्र्याच्या कर्कपेशीच दुसऱ्याच्या अंगावर रुजतात. केंब्रिजच्या संशोधकांनी 43 देशांतल्या 546 गाठींचा जनुकीय अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध केला. या सगळ्या गाठी चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशियात जगलेल्या एकाच जनावराच्या पेशींच्या वंशज आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. तो प्राणी कधीच मेला, त्याच्या पेशी अजून जगताहेत. व्हिनक्रिस्टिनच्या इंजेक्शनांनी हा आजार बहुधा बरा होतो. पण माजावरच्या मादीचा वास लागून पट्टा सोडवून पळणारा पाळीव नर तो हमखास घेऊन येऊ शकतो. नसबंदी झालेला नर सहसा त्या वाटेला जात नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवून कुणाचंच भलं होत नाही. हाडांची वाढ थांबवण्याचा निरोपही हीच संप्रेरकं देतात. ती लवकर काढून घेतली, तर हाडं थोडी जास्त काळ वाढत राहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने 2013 मध्ये गोल्डन रिट्रिव्हर आणि 2020 मध्ये 35 जातींची माहिती मांडली. मोठ्या चणीच्या अनेक जातींत वर्षाच्या आत नसबंदी केलेल्यांमध्ये सांध्यांचे विकार जास्त दिसले. लहान जातींत तसं आढळलं नाही. गोल्डन रिट्रिव्हर माद्यांमध्ये काही कर्करोगांचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. काही माद्यांना पुढे झोपेत लघवी सुटण्याचा त्रास होतो, त्यावर औषध आहे.

म्हणून ‘सहा महिने झाले, आणा’ हा एकच नियम सगळ्यांना लावणं मला योग्य वाटत नाही. मांजर असेल तर पाचव्या महिन्याच्या आत. पॉमेरियन, पग किंवा मध्यम चणीची गावठी मादी असेल तर पहिल्या माजाच्या आधी. लॅब्रॅडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड असेल तर वाढ पुरी होईपर्यंत थांबायचं का, हे पशुवैद्याशी बसून ठरवावं, आणि थांबलात तर माजाचे दिवस डोळ्यांत तेल घालून सांभाळावे.

ऑपरेशनआधी रक्ततपासणी करून घ्यावी. नंतर टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, तिला उड्या मारू देऊ नयेत आणि जखम चाटू देऊ नये. आणि खाणं लगेच कमी करावं. ऑपरेशननंतर शरीराची उष्मांकांची गरज घटते, भूक मात्र वाढते. पोळीचा चतकोर, चहाबरोबरचं बिस्किट अशा लाडातूनच वजन चढतं. रोजच्या खाण्यातला पाचवा हिस्सा काढून टाकावा, वर्षभर दर महिन्याला वजन करावं, आणि अंगावरून हात फिरवताना बरगड्या बोटांना सहज लागतात ना, हे बघत राहावं.